जॉन फॉक्स : वगळत घडवलेले संगीत

ब्रिटिश गायक-संगीतकार जॉन फॉक्स यांचे नाव सिंथपॉपच्या इतिहासात बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत येते. ‘अल्ट्राव्हॉक्स’ या बँडच्या गोष्टीत ते मिज युअर यांच्या आधीचे गायक असतात, गॅरी न्यूमन यांच्या गोष्टीत प्रेरणास्थान असतात, आणि ‘डिपेश मोड’च्या गोष्टीत त्यांच्या स्टुडिओचा ओझरता उल्लेख येतो. त्यांच्या स्वतःच्या नावावरचे एकही गाणे ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या तिसांत पोचले नाही. तरीही १९७७ ते १९८१ या चार-पाच वर्षांत त्यांनी जे केले ते बाजूला ठेवले, तर यंत्रांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या ब्रिटिश पॉप गाण्याला त्याचा रंग कुठून मिळाला हे सांगता येत नाही.

फॉक्स यांना पुष्कळदा ‘या प्रकारातले पहिले’ म्हणून गौरवले जाते. तो मान वादाचा आहे आणि त्यांच्या कामाचे मर्मही त्यात नाही. त्यांचे मोठेपण आहे ते वगळण्यात. रॉक गाण्यातून त्यांनी आधी ढोलवादक काढला, मग गिटार काढली, मग गायकाचा आर्जवी आवाज आणि शेवटी प्रेमकथाही काढली. उरले ते एक शहर आणि त्यातून एकटा चालणारा माणूस. एवढ्या थोड्या ऐवजावर गाणे उभे राहू शकते, आणि ते कोरडे न वाटता खोलवर एकाकी वाटते, हे त्यांनी दाखवून दिले.

ज्या काळाला ‘न्यू वेव्ह’ म्हणतात तो साधारण १९७७ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. त्याआधी पंकने ब्रिटिश रॉकमधला भपका झुगारला होता. वाद्यावर प्रभुत्व नसले तरी मंचावर उभे राहता येते, ही हिंमत पंकने तरुणांना दिली. ध्वनी मात्र जुनाच राहिला, म्हणजे गिटार, बेस आणि ड्रम. पुढच्या पिढीने हिंमत तेवढी घेतली आणि वाद्ये बदलली. जर्मनीतल्या ‘क्राफ्टवेर्क’ने १९७४ च्या ‘आउटोबान’ या अल्बममधून रस्ता दाखवलेला होता. विद्युत-परिपथातून सूर निर्माण करणारा सिंथेसायझर हे ते नवे वाद्य. सुरुवातीचे सिंथेसायझर कपाटाएवढे आणि विद्यापीठांना किंवा श्रीमंत कलाकारांनाच परवडणारे होते. १९७० चा मिनीमूग आणि १९७२ चा आर्प ओडिसी ही वाद्ये एका माणसाला उचलून नेण्याजोगी झाली, आणि दशक संपताना जपानी कंपन्यांनी किमती आणखी खाली आणल्या. १९७८ साली शेफील्डच्या ‘ह्यूमन लीग’चे ‘बीइंग बॉइल्ड’ आणि लंडनमध्ये डॅनियल मिलर यांनी ‘द नॉर्मल’ या नावाने काढलेले ‘वॉर्म लेदरेट’ ही गाणी आली. दोन्ही घरगुती साधनांवर, जवळजवळ एकट्यादुकट्याने केलेली. फॉक्स यांचे काम याच मातीतले आहे. फरक एवढाच की ते या मंडळींहून वयाने मोठे होते आणि त्यांच्यामागे चित्रकलेचे रीतसर शिक्षण होते.

त्यांचे जन्मनाव डेनिस ली. जन्म २६ सप्टेंबर १९४८ रोजी लँकेशायरमधल्या चॉर्ली या गावी झाला. वडील खाणकामगार, आई गिरणी कामगार. लँकेशायरच्या सूतगिरण्यांशी मुंबईचे नाते जुने आहे. अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला तेव्हा याच गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून कापूस जात होता आणि त्या पैशावर मुंबईचे रूप पालटले. फॉक्स लहान होते तेव्हा मात्र त्या गिरण्यांना उतरती कळा लागली होती. ओस पडलेल्या इमारती, फुटक्या खिडक्या आणि भिंतींतून उगवलेली झाडे हा त्या पिढीतल्या मुलांचा परिसर होता. गिरणगावाची अखेर पाहिलेल्या मराठी वाचकाला त्याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. त्याच सुमारास, १९५८ साली, ब्रिटनमधल्या मोटरवेचा पहिला टप्पा प्रेस्टनजवळ, म्हणजे चॉर्लीपासून काही मैलांवर, खुला झाला. ओसाड कारखाना आणि नवा कोरा रस्ता ही दोन्ही चित्रे पुढे त्यांच्या गाण्यांत इतक्या वेळा येतात की हा परिसर लक्षात ठेवूनच ती ऐकावीत.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांनी १९७४ मध्ये ‘टायगर लिली’ हा बँड जमवला. बासवर ख्रिस क्रॉस, ड्रमवर वॉरन कॅन, गिटारवर स्टीव्ही शिअर्स, आणि व्हायोलिन व कळफलकाच्या वाद्यांवर बिली करी. १९७६ मध्ये बँडचे नाव ‘अल्ट्राव्हॉक्स!’ झाले, तेव्हा नावात उद्गारचिन्हही होते. त्याच वेळी डेनिस ली यांनी ‘जॉन फॉक्स’ हे नाव घेतले. आयलंड रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केले आणि १९७७ च्या पहिल्या अल्बमच्या निर्मितीत ब्रायन ईनो आणि स्टीव्ह लिलीव्हाइट यांचा हात होता. हा अल्बम अजून चाचपडणारा आहे. त्यात डेव्हिड बोवी आणि ‘रॉक्सी म्युझिक’ यांची सावली दाट आहे. पण शेवटचे ‘माय सेक्स’ हे गाणे बाकी सगळ्यांपासून बाजूला पडते. तिथे बँड जवळजवळ गप्प होतो आणि मोजक्या स्वरांवर एक थंड, सावध आवाज बोलल्यासारखा गातो. पुढच्या फॉक्सचे बी या गाण्यात आहे.

त्याच वर्षी आलेल्या ‘हा!-हा!-हा!’ या दुसऱ्या अल्बममध्ये बहुतेक गाणी पंकच्या वेगाची, कर्कश गिटारची आहेत. शेवटच्या ‘हिरोशिमा मॉनामूर’मध्ये मात्र वॉरन कॅन ड्रमच्या मागून उठून रोलंड टीआर-७७ या तालयंत्रापाशी येतात. अशी यंत्रे तेव्हा हॉटेलांत ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या साथीला असत; रॉक बँडने ती वापरणे कमीपणाचे मानले जाई. ढोलवादकाने आपली जागा आपणहून यंत्राला देणे ही त्या काळातली मोठी गोष्ट होती. अलँ रेने यांच्या १९५९ च्या चित्रपटाचे नाव घेतलेल्या या गाण्यात यंत्राची संथ, न चुकणारी टकटक आणि त्यावर सॅक्सोफोनचा विलाप आहे. यंत्राला भावना नसते हे खरे. पण त्याच्या शेजारी ठेवलेल्या मानवी स्वराची भावना त्याच्यामुळे अधिक उघडी पडते, हा शोध या गाण्यात लागला आणि फॉक्स यांनी तो पुढे सोडला नाही.

तिसरा अल्बम ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’ १९७८ मध्ये आला. नावातले उद्गारचिन्ह गेले, गिटारवर शिअर्स यांच्या जागी रॉबिन सायमन आले, आणि ध्वनिमुद्रण जर्मनीत कोलोनजवळच्या एका जुन्या शेतघरात झाले. तिथे कोनी प्लांक यांचा स्टुडिओ होता. ‘क्राफ्टवेर्क’चे सुरुवातीचे अल्बम, ‘नॉय!’ आणि ‘क्लस्टर’ यांचे संगीत प्लांक यांच्याच हातून घडले होते. या अल्बममध्ये सिंथेसायझर सजावट म्हणून येत नाही, तो रचनेचा कणा आहे. सायमन यांची गिटार इतक्या प्रक्रियांतून जाते की तीही यंत्राचाच भाग वाटते. ‘स्लो मोशन’, ‘क्वाएट मेन’, ‘जस्ट फॉर अ मोमेंट’ ही गाणी ऐकताना १९८० नंतरच्या कितीतरी बँडांचे आवाज कानात घुमू लागतात, कारण ते या अल्बममधून निघालेले आहेत. ‘क्वाएट मेन’मधला राखाडी सूट घातलेला, गर्दीत कुणाच्या नजरेत न भरणारा माणूस फॉक्स यांच्यासोबत कायमचा राहिला. त्याच्याभोवती त्यांनी अनेक वर्षे गद्यलेखन केले आणि २०२० मध्ये ते ‘द क्वाएट मॅन’ या नावाने पुस्तकरूपात आले.

अल्बम विकला गेला नाही आणि आयलंडने बँडला सोडले. १९७९ च्या सुरुवातीला बँडने अमेरिकेचा दौरा केला आणि दौऱ्याअखेर फॉक्स बाहेर पडले. समूहात राहून काम करणे हा आपला स्वभाव नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. पुढच्या दोन वर्षांत जे घडले त्याने त्यांची जागा कायमची ठरवून टाकली. १९७९ च्या उन्हाळ्यात गॅरी न्यूमन यांचे ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. न्यूमन फॉक्सपेक्षा दहा वर्षांनी लहान. ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’चे आणि फॉक्स यांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही, उलट वेळोवेळी सांगितले. बिली करी त्या वर्षी न्यूमन यांच्यासोबत वाजवतही होते. इकडे अल्ट्राव्हॉक्समध्ये मिज युअर आले आणि १९८१ मध्ये ‘व्हिएन्ना’ दुसऱ्या क्रमांकावर पोचले. त्यानंतर अल्ट्राव्हॉक्स म्हणजे युअर यांचा भरदार, नाट्यमय आवाज असेच समीकरण झाले. ‘व्हिएन्ना’ अल्बममधले ‘मिस्टर एक्स’ आणि फॉक्स यांचे ‘टच अँड गो’ लागोपाठ ऐकावे. दोन्हींची चाल एकच आहे. अमेरिकेच्या दौऱ्यात जुना बँड जी नवी गाणी वाजवत होता त्यांतले हे एक, आणि फाटाफुटीनंतर ते दोन्ही घरी गेले.

व्हर्जिन कंपनीशी करार करून फॉक्स यांनी ‘मेटल बीट’ हे आपले लेबल काढले आणि जानेवारी १९८० मध्ये ‘मेटामॅटिक’ प्रसिद्ध केला. या अल्बमकडे थोडे थांबून पाहायला हवे. तो उत्तर लंडनमधल्या इस्लिंग्टन भागातल्या पाथवे या लहानशा स्टुडिओत झाला. ‘द डॅम्ड’चे ‘न्यू रोज’ आणि एल्विस कॉस्टेलो यांचा पहिला अल्बमही याच खोलीत ध्वनिमुद्रित झाला होता. यंत्रणा आठ ट्रॅकची, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवता येतील असे आठच पदर. मोठ्या स्टुडिओंत तेव्हा चोवीस ट्रॅक सर्रास होते. ध्वनियंत्रणा गॅरेथ जोन्स सांभाळत होते आणि त्यांचे हे पहिलेच महत्त्वाचे काम होते. वाद्ये मोजकी होती. आर्प ओडिसी, एल्का कंपनीचे तंतुवाद्यांचा भास देणारे एक वाद्य, आणि रोलंडचे सीआर-७८ हे तालयंत्र. ओडिसीवर एका वेळी दोनच स्वर निघतात. त्यामुळे भरगच्च स्वरसमूह उभे करण्याचा मार्ग मुळातच बंद होता. एक ओळ बासची, एक वरची, मागे एल्काचा पातळ पडदा, एवढ्यावर भागवायचे. सीआर-७८ मध्ये स्वतःचे ताल साठवता येत, ही तेव्हा नवलाई होती. पण त्याचे ठोके खऱ्या ड्रमसारखे मुळीच वाजत नाहीत. ते टिचकी मारल्यासारखे, कोरडे, लहान आहेत.

दुसऱ्या कुणी या मर्यादा लपवल्या असत्या. फॉक्स यांनी त्या पुढे आणून ठेवल्या. ‘अंडरपास’ सुरू होते तेव्हा खाली दबलेली धून आणि वर एक धातूसारखी, मोठी, जरा बेसूर होता होता सावरणारी स्वरावली येते, आणि या दोहोंच्या मध्ये रिकामी जागा राहते. भुयारी मार्गात पावलांचा आवाज जसा भिंतींवरून परततो तसा प्रतिध्वनी त्या जागेत भरलेला आहे. ‘प्लाझा’ आणि ‘नो-वन ड्रायव्हिंग’ यांतही हीच योजना आहे. ‘ब्लर्ड गर्ल’मध्ये वेग उतरतो आणि गाणे संपताना तालयंत्र एकटे चालत राहते. अल्बमचे नाव ज्याँ टिंग्युली यांच्या चित्रे काढणाऱ्या यंत्रांवरून घेतलेले आहे. टिंग्युली यांची ती यंत्रे मुद्दाम डगमगणारी, थरथरणारी होती आणि प्रत्येक वेळी वेगळी रेघ ओढत. ‘मेटामॅटिक’मधली यंत्रेही तशीच आहेत. त्या काळच्या सिंथेसायझरचा सूर खोलीच्या तापमानाबरोबर सरकत असे. ही सरक अल्बमभर ऐकू येते आणि तिच्यामुळेच हे संगीत निर्जीव वाटत नाही.

या गाण्यांतल्या शहरावर जे. जी. बॅलार्ड यांच्या कादंबऱ्यांचा ठसा आहे. ‘क्रॅश’, ‘काँक्रीट आयलंड’ आणि ‘हाय-राइझ’ या १९७३ ते १९७५ मधल्या तिन्ही कादंबऱ्या मोटारी, उड्डाणपूल आणि उंच इमारती यांनी माणसाच्या मनाचे काय केले हे पाहतात. बॅलार्ड यांच्या लेखनात हिंसा आहे, रोगट आकर्षण आहे. फॉक्स यांनी ते फारसे घेतले नाही. त्यांच्या गाण्यातला माणूस कुणाला इजा करत नाही आणि स्वतःची कैफियतही मांडत नाही. तो चौकातून जातो, कुणाचा तरी चेहरा ओळखीचा वाटतो, तेवढ्यात दृश्य बदलते. वाक्ये तुटक असतात, क्रियापदे कमी, आणि ‘मी’ जवळजवळ नसतोच. चित्रकाराने टिपणवहीत एकाखाली एक नोंदी कराव्यात तशी ही रचना आहे. आवाजही त्याला साजेसा सपाट, वर-खाली न होणारा. पुष्कळ समीक्षकांनी त्याला यंत्रमानवाचा आवाज म्हटले आणि ते चुकीचे आहे. नीट ऐकले तर तो स्वतःला आवरून धरलेल्या माणसाचा आवाज आहे, आणि आवरण्याचे कष्ट ओळींच्या शेवटी स्पष्ट कळतात.

‘मेटामॅटिक’ अल्बमांच्या यादीत १८व्या क्रमांकापर्यंत गेला. गाण्यांच्या यादीत ‘अंडरपास’ ३१, ‘नो-वन ड्रायव्हिंग’ ३२, त्याच वर्षीचे ‘बर्निंग कार’ ३५. हे अपयश नव्हे. पण तो काळ असा होता की दोन वर्षांत ‘ह्यूमन लीग’ आणि ‘सॉफ्ट सेल’ यांची गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली. त्या गाण्यांत यंत्रांच्या साथीने सांगितलेली, कुणालाही आपली वाटेल अशी प्रेमाची तक्रार होती, आणि फॉक्स यांनी नेमकी तीच वगळली होती. शिवाय दूरचित्रवाणीवर चेहरा ठसवण्याच्या त्या दिवसांत त्यांची भूमिकाच नजरेत न भरणाऱ्या माणसाची होती.

एवढे झाल्यावर त्यांनी हीच वाट चालू ठेवली असती तर कदाचित ओळख पक्की झाली असती. १९८१ चा ‘द गार्डन’ मात्र उलट दिशेला वळला. शहराच्या जागी बाग, भग्न वास्तू, पाने आणि पाऊस आला. गिटारवर रॉबिन सायमन परतले, खरे ड्रम आले, ‘पेटर नोस्टर’ मध्ये लॅटिन प्रार्थनेचे शब्द तालयंत्राच्या ठेक्यावर आले. ‘युरोप आफ्टर द रेन’ हे नाव माक्स एर्न्स्ट यांच्या चित्रावरून घेतलेले, आणि गाणे ४०व्या क्रमांकावर थांबले. ज्यांना ‘मेटामॅटिक’ आवडला त्यांच्यापैकी अनेकांना हा अल्बम मवाळ वाटला. प्रत्यक्षात चॉर्लीच्या ओस गिरण्यांतून उगवलेली झाडेच इथे आली आहेत, आणि त्यांच्या कामातला हा सर्वांत उबदार भाग आहे. पूर्व लंडनमधल्या शोरडिचमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला त्यालाही ‘द गार्डन’ हेच नाव दिले. १९८३ मध्ये ‘डिपेश मोड’ने ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ हा अल्बम तिथे ध्वनिमुद्रित केला. ध्वनियंत्रणेवर होते गॅरेथ जोन्स. पाथवेच्या आठ ट्रॅकांवर शिकलेली जागा सोडण्याची कला त्या मार्गाने पुढच्या पिढीकडे गेली.

नंतरचे ‘द गोल्डन सेक्शन’ (१९८३) आणि ‘इन मिस्टिरिअस वेज’ (१९८५) हे दोन अल्बम दुबळे आहेत. पहिल्यात १९६०च्या दशकातल्या रंगीबेरंगी पॉपची आठवण आहे आणि काही चाली गोड आहेत. दुसऱ्यात मात्र फॉक्स त्या वेळच्या रेडिओवर जे चालत होते त्याच्या जवळ जाऊ पाहतात आणि स्वतःपासून दूर जातात. वगळण्याची सवय सुटली की त्यांच्या गाण्यात ओळखण्याजोगे फार थोडे उरते. हे त्यांनाही कळले असावे, कारण त्यांनी स्टुडिओ विकला आणि संगीत सोडले.

पुढची अनेक वर्षे ते पुन्हा डेनिस ली झाले आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले. अँथनी बर्जेस यांची ‘अ डेड मॅन इन डेप्टफर्ड’, जेनेट विंटरसन यांची ‘सेक्सिंग द चेरी’ आणि सलमान रश्दी यांची ‘द मूर्स लास्ट साय’ ही त्यांपैकी काही. रश्दींची ती कादंबरी कोची आणि मुंबईत घडते, आणि तिच्या ब्रिटिश आवृत्तीचे मुखपृष्ठ पाहिलेल्या वाचकांपैकी फार थोड्यांना चित्रकाराचे दुसरे नाव माहीत असेल. मधल्या काळात टिम सिमेनन यांच्यासोबत ‘नेशन १२’ या नावाने थोडे नृत्यसंगीतही झाले, कारण हाउस आणि टेक्नो या नृत्यसंगीताच्या प्रकारांत त्यांना आपल्या जुन्या यंत्रांचा आवाज पुन्हा ऐकू येत होता.

१९९७ मध्ये ते दोन अल्बम एकदम घेऊन परतले. मँचेस्टरच्या लुई गॉर्डन यांच्यासोबतचा ‘शिफ्टिंग सिटी’ शहराकडे पाहतो; ‘कथीड्रल ओशन्स’ एकट्या आवाजाचा आहे. चर्चच्या उंच छताखाली स्वर जसा रेंगाळतो तसा दीर्घ प्रतिध्वनी आवाजाला दिलेला, ताल नाही, अर्थाचे शब्द नाहीत. सोबत त्यांनी केलेल्या चित्रांत पुतळ्यांचे चेहरे आणि झाडांची पाने एकमेकांत मिसळतात. इथे वगळणे टोकाला गेले आहे आणि तरी उरलेले अपुरे वाटत नाही. अमेरिकी पियानोवादक हॅरल्ड बड यांच्यासोबत २००३ मध्ये केलेला ‘ट्रान्सल्यूसन्स / ड्रिफ्ट म्युझिक’ हा याच वाटेवरचा जोड-अल्बम आहे. मग बेंज या नावाने ओळखले जाणारे, जुन्या सिंथेसायझरांचे संग्राहक-संगीतकार बेन एडवर्ड्स भेटले, आणि ‘जॉन फॉक्स अँड द मॅथ्स’ या नावाखाली २०११ च्या ‘इंटरप्ले’पासून नवे पर्व सुरू झाले. साठी ओलांडलेल्या गायकाने तिशीतली वाद्ये पुन्हा हाती घेतली आहेत, पण आवाज आता आवरलेला नाही, मोकळा झालेला आहे. २०२० च्या ‘हाउल’मध्ये रॉबिन सायमन यांची गिटारही परतली.

नव्या श्रोत्याने ‘मेटामॅटिक’पासून सुरुवात करावी आणि तो शक्यतो हेडफोनवर, सलग ऐकावा, नाहीतर त्यातली रिकामी जागा खोलीतल्या इतर आवाजांत हरवते. मग मागे ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’कडे जावे, म्हणजे काय काढून टाकले गेले ते कळेल. त्यानंतर ‘द गार्डन’ आणि ‘इंटरप्ले’. ‘कथीड्रल ओशन्स’ या चार अल्बमांनंतर घ्यावा, कारण तो आधी ऐकला तर पार्श्वसंगीत वाटण्याचा धोका आहे. अल्ट्राव्हॉक्सचे पहिले दोन अल्बम शेवटी ऐकले तरी चालतील. त्यांतली ‘माय सेक्स’ आणि ‘हिरोशिमा मॉनामूर’ ही दोन गाणी मात्र अगदी सुरुवातीलाच ऐकून ठेवावीत.